कारण वर पाठवायचं नाही

१३ जून, शुक्र.
ऑफिसच्या कॉलवर पुन्हा तोच वाद. कॉल लागला की आधी आमच्या दारातला कुत्रा पुण्याच्या टीमला ऐकू जातो, मग मी. लीड सर म्हणाले, "डेटाबेसमधला ऑब्जेक्ट जसाच्या तसा स्क्रीनपर्यंत पाठवायचा नाही. मधे डीटीओ करा."
ऑब्जेक्ट म्हणजे एकाच्या सगळ्या माहितीचं गाठोडं. डीटीओ म्हणजे नुसता हमाल. स्वतः काही करत नाही, त्याला अक्कल नाही. खालच्या थरातलं हवं तेवढं उचलायचं आणि वरच्या थरात नेऊन ठेवायचं, एवढंच काम. मी म्हटलं, सर, नाव-गाव-फोन खाली एकदा लिहिलंय. तेच मधे परत लिहायचं, वर परत लिहायचं. हा द्राविडी प्राणायाम कशाला? वरच्या थराला चार गोष्टी जास्त कळल्या तर बिघडलं कुठं?
सर म्हणाले, "कळेल."
हा शब्द मला बिलकूल आवडत नाही. ज्याला सांगता येत नाही तो म्हणतो कळेल. पण प्रश्न डोक्यातून जात नाही. खरंच, बिघडतं काय?

१५ जून, रवि.
सकाळी हिराआक्का आल्या. काठी टेकत. आमच्या वाडीची भातलावणी सावडीने होते: आज सगळ्या जणी एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या, मजुरी कुणी कुणाला देत नाही. कुणाची लावणी कधी, कुठे कोण जाणार, हे आक्का ठरवतात. संध्याकाळी दारोदार फिरून निरोप देतात. यंदा गुडघे गेले.
"माधुरी, तुजं ते कंपूटर हिंडंल का गं माज्याऐवजी?"
सासूबाई (मी त्यांना आत्या म्हणते) हसायला लागल्या. मला मात्र किडा चावला. छोटंसं पान, प्रत्येक घराच्या मोबाईलवर उघडेल. घर, दिवस, कोण येणार, कोण नाही. आठवड्यात होईल. हो म्हणून टाकलं.
नवरोबा सचिन म्हणाला, "आपल्या विंझरमधे रेंज येईपर्यंत लावणी उरकंल." त्याला कशाचंच कौतुक नाही.

१८ जून, बुध.
ऑफिस उरकून आक्कांसोबत फेरीला गेले. म्हटलं, बघू तरी निरोप कसा जातो.
उद्या खाचरांचे बांध लिंपायचं काम, तेही सावडीनेच. हौसा येणार नाही. पहिल्या दारात आक्का म्हणाल्या, "हौसा न्हाई." दुसऱ्या दारात, "हौसा माहेरी गेलीय." तिसरं दार हौसाच्या नणंदेचं. तिथे, "हौसाला जरा काम हाय, परवापास्नं येतीय." तीन दारं, तीन निरोप, आणि खोटा एकही नाही.
रस्त्यात मी विचारलं, झालंय काय? तर म्हणाल्या, "नवऱ्याशी वाजलंय तिचं. पण तू कुणाला बोलू नगंस." मग भांडण कशावरून, कोण आधी बोललं, कुणी ताट भिरकावलं, सगळं सविस्तर. म्हणजे दारात शिंपलंभर आणि रस्त्यात घागरभर. मग मी कोणता थर? विचारायला हवं होतं. विसरले, ताटाच्या गोष्टीत रंगले.

२१ जून, शनि.
भोरला गेले. आईला भेटले, मग निलेशकडे. कॉलेजात आमच्या वर्गात होता, आता स्टँडजवळ दुकान, वेबसाइटी करून देतो. आमची वाटणी झाली: खालचं सगळं माझं, मोबाईलवर दिसणारी स्क्रीन त्याची.
"तू काय काय पाठवशील?"
"घराचा अख्खा ऑब्जेक्ट. तुला हवं ते घे."
"मग मी काय करतो, जे येईल ते एकाखाली एक दाखवतो. उद्या तू काय वाढवलंस तरी मला परत हात लावायला नको."
दोघंही स्वतःवर खूश. डीटीओ नाही, हमाल नाही. घरचंच तर पान आहे. सरांना दाखवायला हवं, म्हटलं, बघा कसं सुटसुटीत.

२४ जून, मंगळ.
रूपालीने आज सांगितलं. रूपाली म्हणजे माझी धाकटी जाऊ, अमोलभाऊजींची बायको. माहेर भोंगवली. दोघी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होतो. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "ताई, दिवस राह्यलेत."
मी तिचा हात धरला. गेल्या वर्षी लावणीतच तिचं दुसऱ्या महिन्यात गेलं. खाचरातच तिच्या पोटात कळा आल्या होत्या. त्यानंतर वाडीतल्या बायका येऊन बसायच्या, कुणी म्हणायचं अमकं खाल्लं असेल, कुणी म्हणायचं वाकायला नको होतं. रू. सगळं ऐकून घ्यायची आणि मग न्हाणीत जाऊन रडायची.
"आत्यांना म्हायतीय, यांना म्हायतीय, आन आता तुमाला. तिसरा सरंपतूर कुणाला न्हाई. बोललं की लागतं."
लागतं वगैरे माझा विश्वास नाही. पण तिचा आहे, आणि पोट तिचं आहे. कुणाला बोलणार नाही म्हणून शब्द दिला.

२७ जून, शुक्र.
पान चालायला लागलं! आक्कांना बोलून टाइप करायला शिकवलं. त्या मोबाईलला तोंडाजवळ धरून असं बोलतात जसं पलीकडच्या डोंगरावर हाक मारतायत, आणि अक्षरं उमटली की मागे सरकतात.
त्यांची एक मागणी. "कोन का येत न्हाई ते माज्या ध्यानात ऱ्हात न्हाई. मग मी भलतीकडं धाडते आन शिव्या खाते. त्ये लिवायला जागा दे." रास्त आहे. प्रत्येकीच्या नावापुढे 'कारण' अशी एक जागा वाढवून दिली. जेवायच्या आत काम झालं.
"हे फक्त तुम्हाला दिसेल आक्का. बिनधास्त बोला."

१ जुलै, मंगळ.
लावणी सुरू. सगळ्या घरांकडे पान गेलं. वरच्या आळीच्या म्हातारीने नातवाकडून वाचून घेतलं आणि बरोबर खाचरात हजर! आक्का ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या, गावच्या पाटलीणबाईसारख्या. आत्यांनी त्यांना चहा नेऊन दिला. मला फार मजा वाटली. घराघरात तोच निरोप, एकाच वेळी, शब्दाचा फरक नाही. आक्कांच्या तीन दारांपेक्षा बरं की वाईट? ठरवता आलं नाही.

३ जुलै, गुरु.
लिहवत नाही. पण लिहिते.
दुपारी रू. दारात उभी, हातात मोबाईल. तो माझ्यासमोर धरला. सावडीचं पान. शुक्रवारची नावं. त्यात:
रूपाली. येणार नाही. कारण: तिला दिवस हायेत दुसरा म्हैना मागल्या साली वाया गेलं म्हणून सासू चिखलात धाडत न्हाई हे कुणाला बोलू नका.
'कुणाला बोलू नका' हेसुद्धा. सगळ्या वाडीच्या मोबाईलवर.
मी आधी सर्व्हर बंद केला. मग कळायला लागलं. आत्यांनी आक्कांना सांगितलं, सांगावंच लागलं, नाहीतर रू.चं नाव लावणीत लागलं असतं. आक्का मोबाईलमधे बोलल्या, मी सांगितलं होतं तसंच, बिनधास्त. मी अख्खा ऑब्जेक्ट वर पाठवला, 'कारण'सकट. निलेशच्या स्क्रीनने जे आलं ते दाखवलं.
आधी हौसापासून सगळ्यांची कारणं अशीच दिसत होती का? नाही. आक्कांनी त्या जागेत पहिल्यांदाच कुणाचं लिहिलं होतं. नेमकं हिचं.
"ताई, तुमी सांगितलं?"
मी म्हटलं, नाही.
"मग हे कुणी केलं?"
मी म्हणाले, माझ्यामुळे झालं, पण मी बोलले नाही गं. मला स्वतःलाच ते वकिली वाटलं. ती आत गेली, दाराला कडी.

४ जुलै, शुक्र.
रू. भोंगवलीला गेली. अमोलभाऊजी टेम्पोतून सोडून आले. जाताना आत्यांच्या पाया पडली. माझ्याही पडली, रीत म्हणून, पण वर बघितलं नाही.
आक्कांकडे गेले. त्या माझ्यावरच उखडल्या. "म्या कुटं कुणाला बोलले? म्या तुज्या त्या डब्यात बोलले. तू म्हणलीस न्हवं, मलाच दिसंल म्हणून?"
निलेशला फोन. "तू पाठवलंस म्हणून मी दाखवलं. तूच म्हणालीस अख्खं पाठवते." त्याचंही बरोबर.
आत्यांचंही बरोबर. सगळे बरोबर आहेत आणि पोर घर सोडून गेली.

५ जुलै, शनि.
आज ते केलं जे आधी करायला हवं होतं. वाडीच्या स्क्रीनसाठी वेगळा, छोटा ऑब्जेक्ट, म्हणजे डीटीओच. त्यात घर, नाव, दिवस, येणार की नाही. संपलं. कारण लपवलेलं नाही, त्याला त्यात जागाच नाही. मनात आणलं तरी नेता येणार नाही. आक्कांसाठी दुसरा ऑब्जेक्ट, त्यात कारण आहे. तेच नाव पुन्हा पुन्हा लिहिलं, तोच दिवस पुन्हा. हात दुखला नाही की कंटाळा आला नाही.
मी समजत होते की डीटीओचा उपयोग न्यायला होतो. न्यायला तर अख्खा ऑब्जेक्टही चालतो, तो काय जड असतो? ह्याचा उपयोग काय न्यायचं नाही ते ठरवायला. ते आधी बसून, प्रत्येक दारासाठी वेगळं ठरवावं लागतं. 'जे येईल ते' हे काही ठरवणं नव्हे.
सरांना लिहिलं, डीटीओचं पटलं. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, गळती. त्यांनी पुढे विचारलं नाही, तेवढ्यासाठी माणूस बरा.

८ जुलै, मंगळ.
एकच प्रश्न: कुणी कुणी वाचलं? रू.ला वाटतं सगळ्यांनी. कदाचित कुणीच नसेल. लावणीच्या दिवसात भर दुपारी मोबाईल बघायला फुरसत कुणाला?
पण विचारायचं कसं? "त्या दिवशी पानावर काही पाहिलंत का" म्हटलं की ज्यांनी पाहिलं नाही त्या विचारणार, काय होतं? म्हणजे हात दाखवून अवलक्षण. प्रश्नसुद्धा काहीतरी नेतोच. असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. गिरणीत हौसा भेटली (नवऱ्याशी समेट झालेला दिसतो, नवीन बांगड्या). जपून म्हटलं, "पान चालत नव्हतं ना गुरुवारी?"
"कंचं पान? आमचं नेटच न्हवतं बया."
मागून वरच्या आळीची सुमन, "आमचं बी न्हवतं."
गिरणीवाल्याची बायको पीठ भरता भरता, "कुणाचंच न्हवतं त्या दिशी."
आणि तिघीही एकदम दळणाच्या डब्याकडे बघायला लागल्या.
गुरुवारी दुपारी अख्ख्या वाडीचं नेट गेलं होतं म्हणे. फक्त माझं आणि रू.चं चालू होतं. घरी येईपर्यंत मला हसू येत होतं आणि दारात आल्यावर रडू आलं. सगळ्यांनी वाचलंय.

११ जुलै, शुक्र.
आज आमच्या खाचरात लावणी. ऑफिसातून रजा. चिखलात उतरले, दोन ओळींत कंबर मोडली, बायकांनी यथेच्छ टिंगल केली. "कंपूटर, वाका जरा!" झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडली.
सगळ्या आल्या होत्या. ज्यांची पाळी नव्हती त्याही. दरवर्षी "धाकटी कुठाय" हा पहिला प्रश्न असतो. आज कुणीही विचारलं नाही. भाकरी खायला बसलो तरी नाही. गेल्या वर्षी ज्या अमकं खाल्लं असेल म्हणायच्या, त्याच ह्या. मग ह्या वर्षी गप्प कशा? रू. तेव्हा न्हाणीत कडी लावून रडायची, हे त्यांना कळलं होतं का? की लिहिलेलं वाचलं की माणसाला ऐकल्यापेक्षा जास्त लाज वाटते? माहीत नाही. विचारता येत नाही.
जाताना सुमनने मोरावळ्याची बरणी माझ्या हातात दिली. "तुला म्हणून आणलाय. तुला नसंल आवडत तर दे कुणालाबी."
मला आवडत नाही हे तिला चांगलं माहीत आहे.

१२ जुलै, शनि.
बरणीचं काय करू? रू.ला कळवलं तर तिला कळणार, सगळ्यांना माहीत आहे. न कळवलं तर ती तिकडे बसून समजणार, सगळ्या चघळत असतील. दोन्हीतलं खरं कोणतं नेऊ? खरं दोन्ही आहे: माहीत आहे, आणि चघळत नाहीत. पण दुसरं सांगायचं तर पहिलं आपोआप जातं.
ऑफिसात असले प्रश्न टेबलावर आखून सुटतात. हा सुटत नाही.
पान पुन्हा सुरू केलं होतं. बिनचूक चालतं. उघडत कुणी नाही. आक्का पुन्हा फेरीला लागल्या, मी संध्याकाळी त्यांना स्कूटीवर मागे बसवून नेते. दारात त्या बोलतात, मी स्कूटीवरच थांबते. रस्त्यात आता मला काही सांगत नाहीत. "तुला काय करायचंय?" म्हणाल्या. त्यांचा राग अजून आहे. बरंही वाटलं.

१५ जुलै, मंगळ.
रू.चा फोन आला, आत्यांना. मी शेजारीच होते. आत्यांनी "माधुरीला देऊ का" म्हटलं, मग तिकडचं ऐकून, "बरं बरं," आणि ठेवला.
बरी आहे म्हणाली. शनिवारी भोरला दवाखान्यात तपासणी, सोनोग्राफी. गेल्या वर्षी अशाच तपासणीच्या आधी झालं होतं सगळं. आत्या देवापुढे बसल्या. मी उगाच भांडी घासली.
मला तिची फार आठवण येते. मागच्या पडवीत एकटीला बसवत नाही. थोडा रागही येतो, की एवढं काय गं, मी काय मुद्दाम केलं? मग 'मागल्या साली वाया गेलं' आठवतं, ती अक्षरं तिने स्वतःच्या मोबाईलवर कशी वाचली असतील, आणि राग कुठल्या कुठे जातो.

१७ जुलै, गुरु.
मेसेज लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला. कोडचं सगळं समजावून सांगत होते, कुणी काय पाठवलं, कुणी काय दाखवलं. तिला त्याचं काय? शेवटी एवढंच: "चूक माझी होती. आता वाडीच्या पानावर कारण कुणालाच दिसत नाही. शनिवारी मी यायला हवं असेल तर सांग. नको असेल तरी राग नाही."
मोरावळ्याचं नाही लिहिलं.
निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१९ जुलै, शनि.
सकाळपासून मोबाईल हातात. सचिनला सुटी, तो मला दोनदा म्हणाला, बस की जरा. अमोलभाऊजी माल घेऊन वाशीला गेलेत, म्हणजे रू. तिच्या आईसोबतच गेली असणार.
आत्ता आला. तिचाच. मला.
"ताई दवाखान्यातनं भायेर आले. आईला घरी धाडलं. तुमी या न्यायला. आत्यांना आत्ता काय बोलू नका."
पुन्हा पुन्हा वाचला. आत काहीच नाही. चांगलं की वाईट, कसलाही माग नाही. आईला का धाडलं? चांगलं असतं तर आईसोबत घरी गेली नसती का? आणि वाईट असतं तर आईला सोडलं असतं का? तिला स्कूटीवर बसवून आणायचं की गाडी न्यायची, एवढंही ह्यातून कळत नाही.
फोन करून विचारावं असं बोटापर्यंत आलं. नाही विचारलं. तिला जेवढं द्यायचं होतं तेवढं तिने दिलंय, आणि ते मला दिलंय.
गाडी नेते. सचिनने किल्ली दिली. नसरापूरपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे कापूरहोळला वळलं की भोर काही लांब नाही.
आत्या दारात आल्या. "कुटं निगालीस?"
"भोरला."
"रूपालीचं काय कळलं का गं?"
आयुष्यात पहिल्यांदा आत्यांपासून काही राखून, त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "नाही अजून."
खोटं नाही. त्या आत जाऊन स्वतःची शाल घेऊन आल्या. गाडीत मागच्या सीटवर घडी करून ठेवली.
"सावकाश चालव," म्हणाल्या. निघते.